पेट्टीचे रूपांतर

शनिवार, ६ मार्च २००४. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. या वेळी मी कंप्युटर सुरू केला आणि बायकोला सांगितले की मी म्हणेपर्यंत घरात ग्राइंडर लावायचा नाही.

"आज अण्णा जेवायास आहे," ती म्हणाली. "उडीद रात्रीच भिजवले आहेत. वडे काय दगडावर आपटून करू?"

"काम संपलं की लाव."

"कधी संपणार?"

"सांगता येत नाही."

ती स्वयंपाकघरात गेली. आमच्या घरी ग्राइंडर आणि कंप्युटर एकाच फ्यूजवर चालत, आणि ग्राइंडर अडला की फ्यूज उडे. त्या सकाळी फ्यूज उडून चालणार नव्हते.

अण्णा म्हणजे तिचे थोरले बंधू. त्याच दिवशी दुपारी चार वाजता ते आमच्या तिरुवल्लिकेणीतल्या घरी बसून आपल्या घराण्याचे आख्यान गाणार होते आणि ते मला चित्रासह कंप्युटरवर उतरवून घ्यायचे होते. सोमवारी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती. बोलता येईल, गाण्याची आशा धरू नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तेव्हा संधी ही एवढीच होती.

येथे थोडे मागचे सांगणे भाग आहे. मी कराडकडचा. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून तरुणपणी मद्रासला आलो आणि इथल्याच, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या मुलीशी लग्न केले. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले. बाहेर तमिळ आणि घरात मराठी अशी त्यांची रीत. त्या मराठीत तमिळ शब्द मिसळलेले आहेत आणि आमच्याकडे केव्हाच गळून पडलेले जुने मराठी शब्दही टिकून आहेत. सगळे या अर्थी ती 'अस्कं' म्हणते. लग्नानंतर मी तिचे उच्चार सुधारू पाहत असे. ती ऐकून घेई आणि पुन्हा आपलेच म्हणे.

तिच्या घराण्यात कीर्तन होते. अण्णा दिवसभर जॉर्ज टाउनमधल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करत आणि सणासुदीला चिपळ्या हातात घेत. त्यांचे आख्यान सव्वादोन तासांचे. त्याला एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नाही: नमन म्हटले की आरतीपर्यंत थांबायचे नाही. मध्ये थांबले तर पुन्हा नमनापासून. त्या दिवसांत त्यांचा घसा एकदाच सव्वादोन तास टिकला तर नशीब, अशी अवस्था होती. दुसऱ्यांदा सुरुवात करणे शक्य नव्हते.

गुरुवारी आम्ही चाचणी घेतली होती. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहत असे. शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती कामाला होती. तिने आपला कॅमेरा दिला आणि तो तारेने कंप्युटरला जोडून दिला. कॅमेऱ्यातली टेप एका तासाची, म्हणून टेप वापरायची नव्हती. चित्र आणि आवाज थेट डिस्कवर जाणार होते. चाचणीसाठी अण्णांना गायला सांगितले नाही. ते खुर्चीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत राहिले. वीस मिनिटे होण्याच्या आत रेकॉर्डिंग आपोआप थांबले. डिस्क भरली, असा संदेश आला. डिस्क अर्धीसुद्धा भरली नव्हती.

"काय झालं, माप्पिळ्ळे?" अण्णांनी विचारले. माप्पिळ्ळे म्हणजे तमिळमध्ये जावई; बहिणीच्या नवऱ्यालाही तसेच म्हणतात. अडतीस वर्षे ते मला तशीच हाक मारत आले.

"थांबलं."

"बातम्या इतक्या वाईट आहेत का, की यंत्रासही ऐकवेनात?"

मुलीने कारण शोधून दिले. माझ्या डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत जुनी होती, फॅट थर्टीटू नावाची. त्या पद्धतीत डिस्क कितीही मोठी असली तरी एक फाइल चार जीबीच्या पुढे वाढू शकत नाही. चित्राच्या फाइली फार मोठ्या असतात. चार जीबीत वीस मिनिटेही मावत नाहीत.

"काका, दोन मार्ग आहेत," ती म्हणाली. "एक सॉफ्टवेअर आहे, ते पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करतं. मग आपण ते जोडून घेऊ. कळणारसुद्धा नाही."

अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "तुकडे? मी काय कॅसेट आहे का, बाजू बदलून गायला?"

"अहो काका, गायचं सलगच. तुकडे आत होतील, यंत्रात."

"कुठंही झाले तरी तुकडेच की."

मी तीस वर्षे कारखान्यात डब्यांचे सांधे तपासले. चांगला सांधा रंगाखाली दिसत नाही हे खरे. पण जो तपासतो त्याला तो कुठे आहे हे माहीत असते. मी दुसरा मार्ग विचारला.

"डिस्क नवीन पद्धतीत बदलायची. एनटीएफएस. मग फाइल कितीही मोठी चालते. सगळ्यात सोपं म्हणजे फॉरमॅट करून टाका. पण मग आतलं सगळं जाईल."

आतले सगळे म्हणजे अण्णांच्या जुन्या कॅसेटी. त्या मी दोन वर्षे बसून एकेक करून कंप्युटरवर उतरवल्या होत्या. कॅसेटींना बुरशी धरली होती, त्या आता वाजत नव्हत्या. त्यांत आख्यानाचे भाग होते, पूर्ण आख्यान एकातही नव्हते.

"न पुसता बदलता येतं?"

"येतं. कन्व्हर्ट म्हणून एक आज्ञा आहे. पण काका, ते एकदा केलं की परत जुन्या पद्धतीवर येता येत नाही. आणि मधेच लाइट गेली तर काही खरं नाही. बॅकअप आहे ना?"

"नाही." सीडी लिहिण्याची सोय माझ्या यंत्रात नव्हती.

ती कॅमेऱ्याची तार गुंडाळू लागली. "मग मी ऑफिसमधून एक डिस्क मागून पाहते."

शुक्रवारी रात्री ती रिकाम्या हाताने आली. डिस्क मिळाली नव्हती. शनिवारी सकाळी तिला कामावर जायचे होते, दुपारी तीनपर्यंत येते म्हणाली. मी तिला सांगितले की मी करून ठेवीन. तिने आज्ञा कागदावर लिहून देऊ का असे विचारले. मी नको म्हटले. यंत्रातली मदतीची पाने मी दोनदा वाचली होती.

म्हणून शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बसलो. कारखान्यात मुख्य लाइन बंद करण्याआधी जे करत असू, ते सर्व केले. यूपीएस भरला आहे याची खात्री केली, जरी तो काही मिनिटेच तग धरे. टेलिफोनची तार काढली. फ्यूजच्या फळीवर पुठ्ठा टांगला आणि त्यावर तमिळ आणि मराठीत 'हात लावू नये' असे लिहिले. बायकोने तो वाचला.

"माझ्यासाठी दोन भाषांत कशाला? एकीतही मी ऐकत नाही."

कंप्युटरवरच्या सर्व खिडक्या बंद करून आज्ञा लिहिण्याचा काळा पडदा उघडला आणि आज्ञा लिहिली. यंत्राने एक प्रश्न विचारला: डी ड्राइव्हचे सध्याचे नाव काय? चुकून दुसरीच डिस्क बदलली जाऊ नये यासाठीची ती खबरदारी आहे. योग्य खबरदारी आहे. नाव मला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी रिची स्ट्रीटवरच्या दुकानात यंत्र जोडून घेतले तेव्हा बायको बरोबर होती. डिस्कचे दोन भाग करून तिथल्या तमिळ माणसाने विचारले, दुसऱ्या भागास, म्हणजे डीला, काय नाव द्यायचे? मी काही सांगण्याआधी ती म्हणाली, यात अण्णाची गाणी राहणार, पेटी म्हणा. त्याने तसे लिहिले.

मी इंग्रजी अक्षरांत लिहिले: पी, ई, टी, आय.

नाव चुकीचे आहे, असे म्हणून यंत्राने आज्ञा रद्द केली.

पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर. मोठ्या अक्षरांत लिहिले. तेच. मला आता वेगळीच शंका आली. डिस्क स्वतःचे नाव विसरली असेल, तर तिच्यात आणखी काय बिघडले असेल? मी डिस्कची तपासणी लावली. ती फार सावकाश चालली. आठ वाजून गेले. डिस्कमध्ये दोष नाही, असे निदान आले. चौथ्यांदा आज्ञा दिली, चौथ्यांदा नाव लिहिले, आणि यंत्राने चौथ्यांदा नाकारले.

बायको दाराशी येऊन उभी होती. हाताला उडदाचे पाणी होते.

"तोंड असं का झालं?"

"नाव विचारतो आहे. सांगितलं तर मानत नाही."

"कोणाचं नाव?"

"डिस्कचं. तूच ठेवलेलं."

"मग काय सांगितलं तुम्ही?"

"पेटी."

ती हसली. हात पदराला पुसून आत आली. "मी जन्मात कधी पेटी म्हटलं का? पेट्टी. त्या दुकानातल्या माणसानं मी म्हटलं तसं लिहिलं. टी दोनदा घाला."

"पेट्टी हा तमिळ शब्द आहे."

"नाव मराठी बाईनं ठेवलं आहे. घाला."

मी दोन टी घातले. यंत्राने नाव मानले आणि कामास लागले.

दोन वर्षे ते नाव दररोज माझ्या डोळ्यांसमोर होते. पी, ई, टी, टी, आय. मी ते रोज पेटी असेच वाचले. आमच्या कराडात पेटी म्हणतात.

"आता तरी लिहा कुठंतरी," ती जाता जाता म्हणाली, "बायकोचे उच्चार बरोबर आहेत, यंत्रानं सांगितलं."

येथे लिहिले आहे.

पडद्यावर ओळी उमटत होत्या. आधी फाइलींची मोजणी झाली, मग जागेचा हिशेब, मग प्रत्यक्ष बदल सुरू झाला. मी उठून फ्यूजच्या फळीपाशी उभा राहिलो. तिथे उभे राहून करण्यासारखे काही नव्हते. पण कारखान्यात एखादे काम परत फिरवता येणार नाही अशा टप्प्यावर असे, तेव्हा त्याची सही करणारा माणूस तिथे उभा राही. मध्ये एकदा दिवा मंद झाला आणि यूपीएस टिकटिकला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी काही केलं नाही!" दिवा पूर्ववत झाला. काही वेळाने पडद्यावर शेवटची ओळ आली: रूपांतर पूर्ण.

मी लगेच आनंद मानला नाही. जुन्या कॅसेटींतली एक फाइल उघडली. अण्णांचा पन्नाशीतला आवाज आला, स्वच्छ. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग डिस्कचे गुणधर्म पाहिले. पद्धतीच्या ओळीत नवे नाव होते. आतले काहीही हलले नव्हते आणि चौकट मात्र नवी होती. चालत्या गाडीखालचा सांगाडा, आतल्या उतारूंना न उठवता बदलावा, तसे ते काम होते. असे काम मी कारखान्यात कधी केले नाही. ते तिथे होतच नाही. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी घरी केले.

"लाव ग्राइंडर," मी सांगितले.

अण्णा दुपारी आले. एक वडा खाल्ला, दुसरा ताटात ठेवला. गाण्याआधी पोट हलके असावे हा त्यांचा जुना शिरस्ता. बायकोने त्यांना सकाळची सारी हकीकत सांगितली, दोन टींसकट, आणि माझ्या तोंडाची नक्कलही केली.

"माप्पिळ्ळे," अण्णा म्हणाले, "अडतीस वर्षांत एवढं तरी शिकलात. सेरी."

सेरी म्हणजे ठीक.

तीन वाजता वरची मुलगी आली. तिने कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, तार जोडली, आवाज तपासला. मग खालच्या आवाजात मला विचारले, "झालं का, काका?" मी डिस्कचे गुणधर्म दाखवले. ती म्हणाली, "वा, काका!" एवढे पुरे होते.

चारला अण्णांनी समईला नमस्कार केला. चिपळ्या घेतल्या. बायको झांज घेऊन मागे बसली. मी रेकॉर्डिंग सुरू केले आणि नमन सुरू झाले.

पहिली काही मिनिटे मी गाणे ऐकले नाही हे नमूद करतो. पडद्याच्या कोपऱ्यात फाइलीचा आकार वाढत होता, त्याकडे पाहत होतो. एक जीबी. दोन. अण्णा गद्यात आले, श्लोकात गेले, पुन्हा गद्यात. तीन. मुलगीही आकड्याकडे पाहू लागली होती. साडेतीन झाले तेव्हा तिने हाताची बोटे एकमेकांत गुंतवली. अण्णा पदाच्या ऐन मध्यावर होते. आकडा चारवर आला, चारच्या पुढे गेला, आणि तसाच वाढत राहिला. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याची चमक कमी केली, खुर्ची वळवली आणि गाणाऱ्याकडे तोंड करून बसलो.

अण्णांचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. तरी चाल, विराम, शब्दावरचा भार, सगळे जागच्या जागी होते. दीड तास उलटून गेला. मग एका उंच पदावर, दुसऱ्या ओळीशी, आवाज पूर्ण गेला. तोंड हलत होते, स्वर नव्हता. चिपळ्या वाजत राहिल्या. त्यांनी हात थांबवला नाही. मी उठलो नाही. उठून करायचे काय, हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हा मागून बायकोने ती ओळ उचलली.

तिच्या घराण्यात मुलींना कीर्तन शिकवत नसत. लहानपणी ती माजघरात बसून काम करता करता ऐकत असे, एवढे तिने मला कधीतरी सांगितले होते. ती ओळ तिने म्हटली, पुढली म्हटली, पद पुरे केले आणि त्यापुढचे गद्यही सुरू केले. अडखळली नाही. झांज तिने मांडीवर ठेवली होती. अण्णा तिच्याकडे वळून बसले, डोळे मिटले आणि चिपळ्यांनी तिला साथ देत राहिले. पुढच्या श्लोकावर त्यांचा आवाज परत आला, अर्धा. दोघांनी मिळून शेवटपर्यंत नेले. आख्यान थांबले नाही. नियम मोडला नाही.

आरती झाली. मी रेकॉर्डिंग बंद केले. अण्णांना गरम पाणी दिले. ते बराच वेळ घोटघोट पीत बसले. मग बहिणीकडे पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अस्कं येतं तुला. चोर."

"चोरलं नाही. माजघरात उडून आलं."

ते माझ्याकडे वळले. "किती तुकडे झाले, माप्पिळ्ळे?"

"एक," मी म्हटले.

त्यांनी मान डोलावली. त्यांचा गाणारा आवाज मी त्या दिवशी ऐकला तो शेवटचा. शस्त्रक्रियेनंतर ते बोलत. गायले नाहीत.

रात्री आठच्या सुमारास मी त्यांना रिक्षात बसवून आलो. मुलगी कंप्युटरसमोर बसून फाइल चालवून पाहत होती. चित्र स्वच्छ होते, आवाज स्वच्छ होता. ती त्या उंच पदाशी आली. रिकामे हलणारे तोंड, नुसत्या चिपळ्या, आणि मग मागून येणारी बायकोची ओळ.

"काका, इथे थोडा वेळ आवाजच नाही," ती म्हणाली. "हवं तर तेवढं कापून देते. काकूंचा आवाज लगेच लागेल. दोन मिनिटांचं काम आहे."

"काही कापायचं नाही."

"मूळ फाइल ठेवू ना आपण. कॉपीतून कापू."

"कॉपीतूनही नाही."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अगं पोरी, त्यांच्याशी वाद नको घालूस. उरलेले वडे वर घेऊन जा."

मुलगी वडे घेऊन वर गेली. मी खुर्चीवर बसलो. नव्या पद्धतीत प्रत्येक फाइलीवर कोणास काय करता यावे हे ठरवता येते. जुनीत ती सोय नव्हती. मदतीच्या पानांत मी ते वाचून ठेवले होते. फाइलीचे गुणधर्म उघडले. 'सर्व' या नावापुढे वाचण्याची परवानगी ठेवली. बदलण्याची आणि पुसून टाकण्याची नाकारली. यंत्राने इशारा दिला की 'सर्व' यात आपणही येता, पुढे जायचे का? मी 'होय' दाबले आणि यंत्र बंद केले.